वाचकांचे प्रश्न : सकाळची साखर ११०, मग रात्री चारदा का उठावं लागतं?

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. कोरोनातून घरी आले, स्टिरॉइडच्या गोळ्या अजून पाच दिवस आहेत. उपाशीपोटी साखर ११०-१२० येते, तरी तोंडाला कोरड पडते, रात्री चारदा लघवीला उठतात. ग्लुकोमीटर बिघडला असेल का?

उत्तर : मीटर बहुधा ठीक आहे, मोजायची वेळ चुकते आहे. स्टिरॉइडची गोळी सकाळी घेतली की साखर दुपारपासून चढते, संध्याकाळी सर्वांत जास्त असते आणि पहाटेपर्यंत उतरते. उपाशीपोटीचा आकडा म्हणूनच फसवा. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. आकड्याशेजारी वेळ लिहा. बोट साबणाने धुवून कोरडं करा. सॅनिटायझर ओला असताना टोचलं तर आकडा चुकतो, आंबा कापलेल्या हाताने तर विचारूच नका!

दोनदा २५० च्या वर गेली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनाने रात्रीचं इन्सुलिन वाढवू नका, पहाटे साखर एकदम खाली जाईल. स्टिरॉइडही मनाने बंद करू नका. स्टिरॉइडचा कोर्स संपला की वाढवलेला इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. हे हमखास राहून जातं.

एवढी काळजी म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, टाळण्यासाठी. चढलेली साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की या बुरशीचं फावतं. एका बाजूचा गाल बधिर होणं, नाकातून काळपट स्राव, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

प्रश्न : इन्सुलिन पेनचं कार्ट्रिज मिळेना. दुकानदाराने त्याच इन्सुलिनची बाटली दिली. डोस तोच ठेवायचा का?

उत्तर : इन्सुलिनचं पूर्ण नाव तेच असेल तर युनिट तेवढेच, पण सिरिंज बघून घ्या. कार्ट्रिजमध्ये मिलीलीटरला १०० युनिट असतात, आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत ४०. लेबल वाचा. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलंत तर जातात फक्त ८ युनिट. उलट गफलत जिवावर बेतणारी : लाल सिरिंजने १०० चं औषध २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर ५० युनिट टोचले जातात. म्हणून उरलेल्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचा उद्योग करू नका.