रेटिनासाठीचे लवचीक इलेक्ट्रोड अ‍ॅरे साध्या फ्लेक्स पीसीबीवर का बनवत नाहीत?

रेटिना म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा; त्याच्या पेशींना करंटने चेतवून अंधांना थोडं दिसावं म्हणून त्यावर बसवायची इलेक्ट्रोडची जाळी म्हणजे हा अ‍ॅरे. तुमचा प्रश्न असा की मोबाइलमध्ये असते तशी पॉलिइमाइडची (एक उष्णता सोसणारं प्लास्टिक) फ्लेक्स पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषा असलेली वाकणारी सर्किट-पट्टी, सहज बनवून मिळते, मग तिलाच सोन्याचा मुलामा देऊन डोळ्यात का बसवत नाहीत. मी क्लीनरूममध्ये अशाच पातळ फिल्मच्या इलेक्ट्रोडवर काम करतो. फिल्म वाकवणं यातलं सोपं काम आहे, खरी डोकेदुखी पाण्याची.

तांबं तर आधीच बाद. खाऱ्या द्रवात, त्यातही करंट सोडल्यावर, ते गंजतं आणि त्याचे आयन पेशींना घातक असतात. मुलाम्यात एखादं सूक्ष्म छिद्र राहिलं तरी खेळ संपला. शिवाय फिल्मचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: २५ मायक्रोमीटरची फिल्म १० मायक्रोमीटरच्या फिल्मपेक्षा १५ पटींहून जास्त ताठ. रेटिना स्वतः जेमतेम पाव मिलिमीटरचा, त्याला अशी कडा टोचून कसं चालेल?

म्हणून सगळं वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, बनवतात. सिलिकॉनवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, त्यावर द्रव पॉलिइमाइड फिरवून पसरवायचं आणि नायट्रोजनमध्ये ३५० अंशांच्या आसपास भाजायचं. मग पकडीसाठी टायटॅनियमचा हलका हात, त्यावर काहीशे नॅनोमीटर प्लॅटिनम, लिफ्ट-ऑफ (नको तिथला धातू खालच्या रेझिस्टच्या थरासकट धुऊन काढणं), वरून पॉलिइमाइडचा तेवढ्याच जाडीचा दुसरा थर. दोन्ही थर सारखे असले की धातू बरोबर मध्ये येतो आणि वाकवताना ताणला जात नाही. ऑक्सिजन प्लाझ्माने इलेक्ट्रोडपुरत्या खिडक्या उघडायच्या, शेवटी अ‍ॅल्युमिनियम विरघळवून फिल्म सोडवायची.

सपाट फिल्म एका दिशेला छान वाकते, पण डोळ्याचा मागचा भाग गोल. चेंडूवर कागद चिकटवून बघा, सुरकुत्या पडणारच. त्यामुळे एकतर पाकळ्यांसारखे काप द्यावे लागतात, नाहीतर पॅरिलीन या दुसऱ्या पॉलिमरची फिल्म गोल साच्यावर व्हॅक्यूममध्ये तापवून तो आकार तिच्यात बसवावा लागतो. अ‍ॅरे मधोमध उचललेला राहिला तर तिथल्या इलेक्ट्रोडला पेशी चेतवायला जास्त करंट लागतो.

आता पाणी. पॉलिमरमधून वाफ जातेच, ती कोणी पूर्ण अडवू शकत नाही. पण ती द्रव होऊन साचायला पोकळी लागते, आणि धातू-पॉलिमरची पकड जिथे कमजोर तिथे ती मिळते. मिठाच्या पाण्यात काही आठवडे ठेवलेला खराब नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलात तर खिडकीच्या कडेला इंद्रधनुषी वलयं दिसतात. तिथे थर सुटलाय. गंमत म्हणजे अशा वेळी इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) कमी होतो, कारण झाकलेला धातूही उघडा पडतो. नवशिके तो आकडा बघून खूश होतात! तार तुटली तर मात्र इम्पीडन्स एकदम वर जातो. यावर उपाय फारसे चमकदार नाहीत: थर देण्याआधी पृष्ठभागावर प्लाझ्मा, पॅरिलीन असेल तर सिलेन हे पकड वाढवणारं रसायन, आणि पृष्ठभाग कमालीचा स्वच्छ.

इलेक्ट्रोड लहान करण्यालाही मर्यादा आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या आर्गस २ या रेटिना इम्प्लांटमध्ये ६० इलेक्ट्रोड होते, प्रत्येकी २०० मायक्रोमीटर व्यासाचे. गुळगुळीत प्लॅटिनमसाठी दर चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिकूलॉम ही सावध मर्यादा धरली तर अशा चकतीतून सुमारे ३१ नॅनोकूलॉम सोडता येतात. व्यास ५० केलात की उरतात दोन. या मर्यादेपुढे गेलात तर पाण्याचं विघटन होऊन धातू आणि पेशी दोन्ही खराब होतात. म्हणूनच खडबडीत प्लॅटिनम किंवा इरिडियम ऑक्साइडचा लेप लावतात. आणि पल्स नेहमी उलटसुलट, दोन्ही बाजूंचा चार्ज सारखा.

लवचीकपणा हाच एक मार्ग आहे असंही नाही. प्रिमा या इम्प्लांटमध्ये ३७८ पिक्सेलची चिप कडक सिलिकॉनचीच आहे, फक्त दोन मिलिमीटरची आणि ३० मायक्रोमीटर जाड. प्रकाशावरच चालते, त्यामुळे तारही नाही. मला वैयक्तिकरीत्या हा विचार जास्त पटतो.

तरी तुम्हाला करूनच बघायचं असेल तर लगेच अ‍ॅरेला हात घालू नका. आधी एकमेकांत गुंतलेल्या दोन दातेरी धातूरेषा बनवा, त्या पूर्ण झाका, त्यांच्यात काही व्होल्ट ठेवून ६७ अंशांच्या मिठाच्या पाण्यात बुडवा आणि गळती करंट मोजत राहा. दर १० अंशांना वेग दुप्पट, या ढोबळ नियमाने तिथला एक महिना शरीरातल्या आठ महिन्यांच्या बरोबरीचा. गळती वाढू लागली तर थर जोडायची पद्धत बदला, गोल आकाराच्या भानगडीत नंतर पडा.