आयलंडवरचा दिवा : किती खाली, किती पिवळा?

स्वयंपाकघरातल्या दिव्यांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. अनेकांनी दुकानातल्या दिव्याचा फोटो जोडून ‘हा चालेल का?’ एवढंच विचारलं आहे. फोटोवरून दिव्याचं रूप कळतं, पण त्याच्याखाली तुम्ही काय करणार आहात ते कळत नाही. ज्यांनी ते लिहिलं, त्यांना आधी उत्तर देते.

आयलंड (स्वयंपाकघराच्या मधोमधचा सुटा ओटा) सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. वर लटकते दिवे दोन लावावेत की तीन? इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘डोक्याला लागणार नाहीत इतके वर घेऊ.’ (बाणेर)

दोन लावा. सहा फुटांवर तीनही बसतात, पण मग प्रत्येक दिवा सहा-सात इंचांचा घ्यावा लागतो, नाहीतर दाटी होते. दोन असतील तर दहा-बारा इंची शेड सुरेख दिसते आणि तीन फूट रुंदीत दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरते.

जागेचा हिशोब सोपा आहे. आयलंडची लांबी 72 इंच. तिचे दोन सारखे भाग करा आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर एक दिवा घ्या. म्हणजे दोन्ही टोकांपासून 18 इंचांवर एकेक दिवा, आणि दोघांमध्ये 36 इंच. तीन दिवे असते तर टोकापासून 12 आणि मध्ये 24-24. हे माप आयलंडवरून घ्यायचं, खोलीच्या मध्यावरून नाही. माझ्या स्वतःच्या घरी कारागिरांनी छताचा मध्य धरून पॉइंट काढले, नंतर ओटा सात इंच पलीकडे बसला, आणि दोन्ही दिवे एका कडेला आले. ते परत हलवायला पूर्ण आठवडा गेला. म्हणून आधी ओट्याचा दगड बसू द्या, मग छताला भोक पाडा.

आता उंची. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं चालायच्या वाटेवर बरोबर आहे, पण आयलंडवरून कोणी चालत जात नाही. दिव्याची खालची कड ओट्याच्या दगडापासून 30 ते 36 इंच वर हवी. ओटा 34 इंचांचा असेल तर जमिनीपासून 64 ते 70 इंच. याहून वर गेला की उजेड हातांवर कमी आणि डोळ्यांत जास्त येतो. याहून खाली आला तर समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. घरात कोणी सहा फुटी असेल तर 36 कडे झुका, सगळे पाच-सव्वापाच फुटांचे असाल तर 30-32 पुरे.

तरीही माझ्या आकड्यावर विसंबून छत फोडू नका. माळ्यावरचा दिवाळीचा आकाशकंदील काढा, सुतळी बांधा आणि जिथे दिवा येणार तिथे सोडा. दोन दिवस तसाच राहू द्या. त्याच्याखाली कणीक मळा, कांदा चिरा, मुलांना स्टुलावर बसवून नाश्ता द्या. कंदील कुणाच्या नजरेच्या आड येतोय का ते बघा. सुतळी दोन इंच वर, दोन इंच खाली करून पाहा. जिथे तुम्ही कंदील विसरून काम करायला लागाल, तिथे सुतळीला गाठ मारा आणि तीच गाठ इलेक्ट्रिशियनला दाखवा.

किती उजेड, हेही सांगते, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही आणि खरी गडबड तिथेच होते. चिरण्या-निवडण्याच्या जागी साधारण 300 ते 500 लक्स हवेत; लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर किती ल्युमेन पडतात ते, आणि ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप. तुमच्या आयलंडचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. 500 लक्स धरले तर साडेआठशे ल्युमेन थेट दगडावर पडायला हवेत. शेडमध्ये आणि आजूबाजूला बराच उजेड जातो, म्हणून दुप्पट धरा. नऊ वॉटचा चांगला एलईडी बल्ब आठशे-नऊशे ल्युमेन देतो, म्हणजे दोन बल्बांत काम भागतं. शेड मात्र आतून पांढरी हवी. आतून काळी घेतली तर हा सगळा हिशोब कोलमडतो.

नवऱ्याला पांढराशुभ्र उजेड हवाय, मला पिवळा. सासूबाई म्हणतात पिवळ्यात काही दिसत नाही. (सिंहगड रोड)

सासूबाईंची तक्रार खरी आहे, पण दोष पिवळेपणाचा नाही. त्यांच्या आठवणीतला पिवळा दिवा चाळीस वॉटचा असणार, आणि त्याचा उजेडच मुळात कमी. आठशे ल्युमेनचा पिवळसर एलईडी आठशे ल्युमेनच्या पांढऱ्याइतकाच उजेड देतो.

पाकिटावर केल्व्हिनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा आकडा असतो. 2700-3000 पिवळसर, 4000 मधला, ना पिवळा ना निळा, 6500 निळसर पांढरा. आपल्याकडे दुकानदार न सांगता 6500 हातात ठेवतात. स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर मी 3000 घेईन, बंद असेल तर 4000. त्या निळसर उजेडात संध्याकाळी पाच माणसं जेवायला बसली की घराला दवाखान्याची कळा येते, म्हणून 6500 मी कुणालाच सुचवत नाही.

पण या भांडणात एक मोठी गोष्ट राहून जाते : रंग खरे दिसतात का. त्याला सीआरआय म्हणतात. उन्हाचा 100 धरतात, साध्या एलईडी बल्बचा 80 च्या आसपास असतो, स्वयंपाकघरात 90 च्या वरचा घ्यावा. एलईडीचा मूळ उजेड निळा असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो, आणि स्वस्त बल्बात या खटाटोपात लाल रंग कमी पडतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, बल्ब घ्यायला जाल तेव्हा पिशवीत एक टोमॅटो, कोथिंबिरीची जुडी आणि पुडीत चमचाभर हळद न्या. दुकानदार बल्ब लावून दाखवतोच. दोन बल्बांखाली आळीपाळीने धरा. एकाखाली टोमॅटो विटकरी पडेल, कोथिंबिरीतलं पिवळं पान आणि हिरवं पान सारखंच दिसेल. दुसऱ्याखाली पिवळं पान लगेच वेगळं काढता येईल. तो बल्ब घ्या. तिथेच मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना ठळक दिसले तर तो बल्ब लुकलुकतो आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ही लुकलुक सेकंदाला 100 वेळा होते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण तासभर काम केल्यावर डोकं धरू शकतं.

सासूबाईंसाठी एवढं करा : बल्ब उघडा दिसू देऊ नका, दुधी काचेआड ठेवा. वयानुसार डोळ्याला उजेड जास्त लागतो आणि तिरीप मात्र सोसवत नाही.

वाकडला नवा फ्लॅट घेतला. भिंती-स्लॅब सगळं काँक्रीट. छताला एकच पॉइंट, तोही आयलंडपासून चार फूट दूर. झिरी मारून (स्लॅबमध्ये खाच पाडून) वायर नेऊ का? (वाकड)

नका नेऊ. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतीत वायरींच्या नळ्या ओततानाच आत घातलेल्या असतात. लोखंडी सळ्या पृष्ठभागाखाली इंचभरावर असतात. लांब झिरी मारली की त्या उघड्या पडतात आणि पुढे गंजतात. अँकरसाठी, म्हणजे वजन पेलणाऱ्या बोल्टसाठी, छोटं भोक पाडायला हरकत नाही.

मग करायचं काय? आयलंडपुरतंच चार इंचांचं फॉल्स सीलिंग करा, वायर त्यात लपते. किंवा आहे त्या पॉइंटपासून आयलंडपर्यंत छताला पृष्ठभागावरच ट्रॅक बसवा. काळा ट्रॅक आज चांगला दिसतो आणि दिवे पुढेमागे सरकवता येतात. फॉल्स सीलिंग केलंत तर दिव्याचं वजन जिप्समच्या पाट्यावर टाकू नका. स्लॅबमध्ये अँकर मारून रॉड खाली घ्या आणि दिवा त्याला टांगा. आणि काम उघडं आहे तोवर दोनांपैकी एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

आयलंडवरच शेगडी आहे. तिच्यावर दिवा लटकवला तर? (पिंपळे सौदागर)

नको. फोडणीची तेलकट वाफ महिनाभरात शेडवर चिकट थर चढवते, त्यावर धूळ बसते. तिथे चिमणीतला दिवा वापरा. लटकते दिवे निवडण्या-वाढण्याच्या बाजूला सरकवा.

आमच्याकडे आयलंड वगैरे नाही. भिंतीला लागून साधा ओटा, वर कपाटं. छतावर ट्यूब आहे, तरी भाजी चिरताना अंधारच. (कोथरूड)

ट्यूब तुमच्या पाठीमागे आहे. ओट्याकडे तोंड केलं की तुमचीच सावली विळीवर पडते. कितीही मोठी ट्यूब लावा, सावली तशीच राहील, फक्त जास्त गडद होईल. कपाटांच्या खालच्या बाजूला एलईडीची पट्टी लावा, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये आणि दुधी झाकणासह. ती भिंतीला चिकटवून नाही, कपाटाच्या पुढच्या कडेला, म्हणजे तुमच्या बाजूला. मागे लावली तर टाइल्स झगमगतात, हात अंधारात राहतात, आणि चकचकीत काळा दगड असेल तर पट्टीतले ठिपके त्यात मोजता येतात. आधी हे करा. ट्यूब बदलायची बहुधा गरजच पडणार नाही.

तांबट आळीतून तांब्याची शेड करून घ्यायची आहे. काय सांगू त्यांना? (शनिवार पेठ)

हे पत्र वाचून मला फार आनंद झाला. कसब्यात ठोक्यांचा आवाज ऐकत उभं राहून आपल्या ओट्याचा दिवा घडवून घेणं फक्त पुण्यातच जमतं. मठार काम मागा. हातोडीच्या त्या सारख्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि त्यावर उजेड मोडून पडतो. दहा इंच तोंड, आठ इंच खोली सांगा, म्हणजे बल्ब पूर्ण आत जाईल. वरच्या बाजूला हवा जायला भोकं ठेवायला सांगा. एलईडीचं आयुष्य उष्णतेनेच कमी होतं, आणि पहिल्या पावसानंतर आत शिरलेली पाखरंही भोकांमुळे साचत नाहीत.

आतून कल्हई करून घ्या. नुसतं तांबं उजेडाला लालसर छटा देतं, त्यात पोळी भाजली गेली की नाही ते नीट कळत नाही. कल्हईने तोच उजेड स्वच्छ खाली उतरतो. कल्हईतलं कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, एलईडी तिथवर जाण्याचा प्रश्नच नाही. बाहेरून लाखेचा पारदर्शक थर दिलात तर चिंच लावू नका, ओल्या फडक्याने पुसा. थर नको असेल तर तांबं काळवंडेल, मग महिन्यातून एकदा चिंच-मिठाने घासा, मात्र दिवा बंद करून आणि शेड उतरवून.

आणि वायर तीन पदरी घ्या. धातूच्या शेडला हिरवी अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे. अनेक जण दोन वायरी जोडून मोकळे होतात, आणि ओल्या हाताने शेड पुसणारे आपणच असतो. जोडणी होईपर्यंत तिथेच उभे राहा आणि हिरवी वायर शेडला पोचलेली डोळ्यांनी बघा.