विधानसभेच्या 25 जागा राखीव असूनही महाराष्ट्रात आदिवासींची सत्ता का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा की, विधानसभेच्या 25 आणि लोकसभेच्या 4 जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असताना आदिवासींचा स्वतःचा पक्ष का उभा राहत नाही, आणि त्यांची चळवळ सत्तेपर्यंत का पोचत नाही. मी गडचिरोली जिल्ह्यातली, गोंड घरातली. गेली काही वर्षं ग्रामसभांचे हिशेब लिहायला मदत करते. त्यामुळे मी सांगते ते आमच्याकडचं आहे. नंदुरबार-पालघरचे लोक यात आणखी भर घालू शकतील.

आधी राखीव जागांचं. आमच्या जिल्ह्यात आरमोरी, गडचिरोली, अहेरी हे तिन्ही मतदारसंघ राखीव आहेत. पण 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात आदिवासी 38.7 टक्केच. म्हणजे उमेदवार आदिवासीच लागतो, पण त्याला निवडून आणायला इतरांची मतं लागतात, तिकीट पक्षाचं लागतं आणि खर्चाला पैसा तिसऱ्याचाच. निवडून आल्यावर तो कोणाकोणाचं ऐकणार? मी एकेका आमदाराला दोष देत नाही. ऑक्टोबर 2024 आठवा. पेसा क्षेत्रातली, म्हणजे ग्रामसभांना खास अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातली, नोकरभरती व्हावी आणि धनगर समाजाला अनुसूचित जमातींत घेऊ नये, यासाठी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि त्यांच्यासोबतच्या आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. सत्ताधारी बाजूचा, इतक्या मोठ्या पदावरचा माणूस जाळीवर उडी मारतो तेव्हा त्याच्या हातात किती सत्ता आहे ते दिसतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं.

स्वतःचा पक्ष काढून पाहिला नाही असंही नाही. 1991 मध्ये गोंडवाना गणतंत्र पक्ष निघाला, 2003 मध्ये मध्य प्रदेशात त्यांचे 3 आमदार आले. पण गोंड माणूस महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा अशा राज्यांत विखुरलाय. भाषावार राज्यं झाली तेव्हा मराठी, तेलुगू बोलणाऱ्यांना राज्य मिळालं आणि गोंडी बोलणारे प्रत्येक राज्याच्या टोकाला राहिले. झारखंडच्या लोकांनी चिवटपणे राज्य मिळवलं. आदिवासी महासभा 1938 ची, जयपालसिंग मुंडांचं नेतृत्व, आणि राज्य झालं 15 नोव्हेंबर 2000 ला, बिरसा मुंडांच्या जयंतीला. 62 वर्षं! तरी त्याच राज्याच्या सरकारने 2016 मध्ये आदिवासींच्या जमिनी राखणारा 1908 चा छोटानागपूर कुळकायदा सैल करायला घेतला. लोक रस्त्यावर उतरले, आणि 2017 मध्ये तेव्हाच्या राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी ते विधेयक परत पाठवलं.

म्हणून आमच्याकडे जुन्या कार्यकर्त्यांनी दुसरं टोक धरलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. गोंडीत आम्ही म्हणतो, मावा नाटे मावा राज. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. खातं 1927 च्या कायद्यावर बोट ठेवून म्हणायचं, बांबू म्हणजे झाड. 2006 च्या कायद्यात तो स्पष्टपणे गौण वनोपज होता, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा जंगलमाल. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हातात दिलं, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण समोर होते. सत्ता कशाला म्हणतात ते मला त्या पुस्तकावरून कळलं. हक्काचा कागद कपाटात ठेवता येतो, परवाना फाडून दिला की बांबूची गाडी गावातून निघते.

आता माझ्या कामातलं एक सांगते. तेंदूपत्त्याच्या पैशांच्या वाटपाचा दिवस. मोहाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरलेली, मधे हिशेबाची वही, भोवती अख्खं गाव. 70 पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांना ठरलेला भाव. मी नाव वाचलं, आकडा वाचला, तर एक आजी उठून म्हणाली, माझे पुडे कमी लिहिलेत. फळीवरचा, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागेवरचा, हिशेब लिहिणारा मुन्शी हसला, आजीला कुठे लिहिता येतं? तेव्हा ग्रामसभेतले चार जण तिच्या घरी गेले. दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, रोजच्या रोज ओढलेल्या, दर पाचवी रेघ आडवी. मोजल्या तर वहीपेक्षा 300 पुडे जास्त. तिथल्या तिथे वहीत दुरुस्ती झाली आणि मुन्शीने सही केली. ठेकेदाराकडे थेट मजुरी असायची तेव्हा या रेघा बघायला कोण आलं असतं?

निवडणुकाही आम्ही सोडलेल्या नाहीत. 2017 च्या जिल्हा परिषदेत भामरागड-एटापल्लीकडे ग्रामसभांनी आपले उमेदवार दिले आणि ॲड. लालसू नोगोटी, सैनू गोटा निवडून आले. पुढे 2022 मध्ये मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक बसला. ग्रामसभा मात्र बरखास्त करता येत नाही, कारण गावातले सगळे मतदार म्हणजेच ग्रामसभा. 1996 च्या पेसा कायद्याचं खरं बळ मला यात दिसतं.

हे बळ कुठे कमी पडतं तेही लिहायला हवं. आमच्या जिल्ह्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर आमचा ठाकुरदेव आहे, आणि त्याच डोंगरात लोहखनिज. तिथल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, तरी खाण चालू झाली. 2023 मध्ये तोडगट्टा गावात लोक खाणींविरुद्ध आठेक महिने धरणं धरून बसले होते, नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते उठवलं. बांबू-तेंदूपर्यंत आमचं ऐकलं जातं, लोखंड आलं की आमचा ठराव फाइलीत राहतो. तिथे आमदार लागतो, खासदार लागतो, आमच्या बाजूने सभागृहात उभा राहणारा.

म्हणून पक्ष नकोच असं मी म्हणणार नाही. ग्रामसभांनी पुन्हा उमेदवार दिले तर मी गावोगाव प्रचाराला जाईन. फक्त ते मे महिन्यात नको, तेव्हा फळीवर वह्या तपासायच्या असतात.