यूजर-स्पेसमधला (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा चालणारा) वायफाय ड्रायव्हर लिनक्सच्या नेटवर्क स्टॅकला कसा जोडायचा?

तुमचा लिबयूएसबीवरचा (यूएसबी उपकरणांशी थेट बोलणारी लायब्ररी) ड्रायव्हर फ्रेम पाठवतो आणि घेतो, पण सिस्टीमला इंटरफेस दिसत नाही. आधी एक तपासा: असोसिएशन (ऍक्सेस पॉइंटशी जोडणी) आणि एन्क्रिप्शन चिपचं फर्मवेअर सांभाळतं, की चिप कच्च्या ८०२.११ (वायफायचं मानक) फ्रेम तुमच्या हातात देते? पुढचं सगळं यावर ठरतं.

फर्मवेअर सांभाळत असेल तर टॅप डिव्हाइस, म्हणजे प्रोग्रॅमला इथरनेट फ्रेम देणारा-घेणारा आभासी इंटरफेस, पुरे. ते उघडताना आयएफएफ_नो_पीआय फ्लॅग द्याच, नाहीतर तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक फ्रेमचे पहिले ४ बाइट कर्नल वेगळं हेडर समजून काढून घेतो. टॅपला मिळणारा मॅक पत्ता यादृच्छिक असतो. तो बदलून चिपचा द्या, नाहीतर एआरपीची (आयपीवरून मॅक पत्ता शोधण्याची) उत्तरं परत येत नाहीत. चिप इथरनेटऐवजी ८०२.११ हेडर देत असेल तर ते २४ बाइटांचं, क्यूओएस (प्राधान्यक्रमाची माहिती) असल्यास २६. ऍक्सेस पॉइंटकडून आलेल्या फ्रेममध्ये पहिला पत्ता गंतव्याचा, तिसरा मूळ प्रेषकाचा. त्यापुढच्या एलएलसी-स्नॅप हेडरच्या ८ बाइटांपैकी पहिले ६ टाकून द्या. उरलेले २ म्हणजे इथरटाइप, आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा क्रमांक. काही चिप क्यूओएस हेडरनंतर २ बाइट भरतीचे घालतात, तेही बघा.

कच्च्या फ्रेम असतील तर टॅपच्या नादी लागू नका. डब्ल्यूपीए सप्लिकंटला (वायफायची जोडणी आणि पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम) एनएल८०२११ चा, म्हणजे कर्नलच्या वायफाय नियंत्रणाच्या इंटरफेसचा, रेडिओ लागतो, टॅपकडे तो नाही. माझ्या मते इथे मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम, म्हणजे आभासी वायफाय रेडिओ बनवणारं कर्नल मॉड्यूल, हेच योग्य. मॉड्यूल एका रेडिओसह लोड करा आणि जेनेरिक नेटलिंकवर (प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातली संदेशवाहिनी) रजिस्टर कमांड पाठवा. मग रेडिओच्या फ्रेम तुमच्याकडे येतात. एन्क्रिप्शन मॅक८०२११ (कर्नलचा वायफाय थर) सॉफ्टवेअरमध्ये करतं, म्हणून चिपचं हार्डवेअर डिक्रिप्शन बंद ठेवा. पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमचा निकाल तिच्या कुकीसह (फ्रेमचा ओळखक्रमांक) परत कळवा, आणि ऍकची (फ्रेम मिळाल्याची पोचपावती) खूण खरंच ऍक मिळाली तरच लावा. हमखास चुकणारी जागा पत्त्याची: इंटरफेसचा पत्ता ०२ ने सुरू होतो, पण नेटलिंक संदेशात तोच रेडिओ मुळात ४२ ने सुरू होणाऱ्या पत्त्याने ओळखला जातो.

आलेल्या फ्रेमला ऍक देण्याचं काम मात्र यूजर-स्पेसमध्ये आणताच येत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर त्यासाठी १० मायक्रोसेकंद मिळतात, ५ वर १६, यूएसबी २.० चा एक मायक्रोफ्रेमच १२५ मायक्रोसेकंदांचा. ते चिपनेच करायला हवं, आणि चिप फक्त स्वतःच्या रजिस्टरमधल्या पत्त्याला ऍक देते. तिथे ०२ चा पत्ता लिहा. दुसऱ्या कार्डावर मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकण्याचा) लावून पाहा: ऍक्सेस पॉइंट तोच सीक्वेन्स क्रमांक रीट्राय बिटासह पुन्हा पुन्हा पाठवत असेल, तर हे रजिस्टर चुकलेलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त.