वाचकांचे प्रश्न : रीझलिंग इतकी आंबट का?

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला आले आहे. मागच्या रविवारी तो आम्हांला सेनेका तळ्याकाठच्या तीन वाइनरींत घेऊन गेला. घरी आम्ही दोघं नाशिकची शेनिन ब्लांक ही पांढरी वाईन आवडीनं घेतो, पण इथली रीझलिंग, तीही पांढरीच, इतकी आंबट की ह्यांनी ग्लास खाली ठेवला तो परत उचललाच नाही. एका जुन्या बाटलीला तर चक्क रॉकेलचा वास! आमची जीभ अडाणी की वाईन खराब? आणि तीन ठिकाणच्या वाईन ताडून बघायच्या तर कशा?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : जीभही ठीक आहे आणि वाईनही. तुम्ही थंडी चाखलीत, एवढंच.

मी वीस वर्षं नाशिककडच्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये काढली. काढणीच्या दिवसांत आमची सगळी धडपड आंबटपणा टिकवायची. ऊन तापलं की मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर उतरतं. म्हणून पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडणी, आणि तरीही कमी पडलं तर टार्टरिक तोलून घालायचं. टार्टरिक म्हणजे आपल्या चिंचेतलं आम्ल. फिंगर लेक्सच्या भागात, म्हणजे सेनेका आणि आजूबाजूच्या तळ्यांच्या पट्ट्यात, हे उलटं. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष पिकतं तेव्हा रात्री गार झालेल्या असतात, मॅलिक मण्यातच राहतं. हिरव्या सफरचंदाचा दाताला लागणारा करकरीतपणा, तो त्याचाच.

आपल्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरला की गोडी छाटणी. तिथे पारा कधी शून्याखाली वीस अंशांवर जातो. हिवाळ्यापूर्वी वेलीच्या बुडाशी, कलमाचा जोड झाकेल अशी मातीची भर घालतात आणि वसंतात ती काढतात. मी भाचीकडे त्याच भागातल्या इथाकाला गेले होते तेव्हा ती भर बघून मला आपले हळदीचे वरंबे आठवले. वेल जगते ती मात्र मुख्यतः तळ्यामुळे. सेनेका जवळपास १८८ मीटर खोल आहे, सहसा गोठत नाही, आणि उन्हाळ्यात साठवलेली ऊब काठच्या उतारांना हिवाळाभर पुरवतं. तरी युरोपातली द्राक्षं इथे टिकणार नाहीत असंच तज्ज्ञ म्हणायचे. युक्रेनहून आलेल्या कॉन्स्टन्टिन फ्रँक यांनी ती थंडीला तोंड देणाऱ्या खुंटांवर कलम करून दाखवली आणि १९६२ मध्ये क्यूका तळ्याकाठी स्वतःची वाइनरी काढली. त्याआधी तिथे काँकर्डसारख्या अमेरिकेतल्या देशी द्राक्षजातींचं राज्य. आपल्या बंगळूर ब्लूचा वास आठवा, तसाच.

आता ताडून बघण्याचं. माझी पहिली फजिती आधी सांगते. जेवण करून निघालो आणि गाडीत मी सवयीनं बडीशेप तोंडात टाकली. पहिल्या तीन रीझलिंगना मला बडीशेपेचा वास आला, तो मी वहीत मोठ्या ऐटीत लिहूनही ठेवला. भाची हसून हसून लोळली. तेव्हा आधी मुखवास नको, अत्तर नको, गजरा तर नकोच.

तीन वाइनरींच्या तीन वेगळ्या वाईन एकापाठोपाठ घेऊन तुलना होत नाही. रीझलिंगच घ्या, एकाच सालच्या, आणि सगळ्या ‘ड्राय’, म्हणजे गोडी नसलेल्या. मागच्या लेबलवर ड्रायपासून स्वीटपर्यंत एक पट्टी बऱ्याचदा छापलेली असते, ती बघा. घरी आणून सारख्या ग्लासांत दोन-दोन घोट ओता, शेजारी शेजारी ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. फार गार असली की वास मिटून बसतो. घोट घ्या, तोंडभर फिरवा आणि थुंका. मध्ये पाणी आणि साधा पाव. थुंकायला लाज वाटते, ठाऊक आहे. मी पहिल्या दिवशी सगळं गिळलं आणि पाचव्या ग्लासपासून प्रत्येक वाईनपुढे ‘छान’ लिहिलंय.

थुंकल्यावर लक्ष जिभेकडे नको, गालांच्या आतल्या बाजूला द्या. तोंडाला पाणी सुटतं ना? ते किती वेळ सुटत राहतं ते मोजा. एकीत ते झटकन थांबतं आणि नुसता खटास उरतो. दुसरीत पाझरत राहतं आणि मागून लिंबाची साल, पीच, ओल्या दगडी पाटीचा वास येतो. माझ्या लेखी ही दुसरी वाईन सरस, लेबल काहीही म्हणो.

तुमच्या ह्यांच्यासाठी मात्र थोडी साखर राहिलेली, मीडियम ड्राय बाटली घ्या. आंबटपणा तेवढाच असतो, पण चिंचगुळाच्या आमटीतल्यासारखा गूळ त्याला धरून असतो. सोबत कोथिंबीर वडी तळा.

रॉकेलचा वास हा दोष नाही. टीडीएन नावाचं एक संयुग बाटली मुरेल तसं वाढतं, आणि जुन्या रीझलिंगचे शौकीन तोच वास शोधत असतात. मला स्वतःला तो थोडा चालतो; जास्त झाला की रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले. फेकून देऊ?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. गारव्यानं टार्टरिकचे स्फटिक खाली बसलेत, खडीसाखरेसारखे. बाटली तासभर उभी ठेवा, हलक्या हातानं ओता आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.