डब्ल्यूडब्ल्यूई ठरवून केलेली असते हे माहीत असूनही चाळिशीतली माणसं ती का बघतात? आणि जुनी खरंच चांगली होती का?

नवरा रात्री कानाला हेडफोन लावून कुस्ती बघतो आणि 'आमच्या वेळची मजा आता नाही' असं मुलांना ऐकवतो, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. तो नवरा मी नाही. पण आमच्या घरातही हाच प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तर तयारच आहे.

आधी ते 'खोटी' प्रकरण मिटवू. निकाल आधी ठरलेला असतो हे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-कंपनीने स्वतःच 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे कबूल केलं. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम, परवाने आणि पैसे भरणं मागे लागतं, करमणूक म्हटलं की सुटका. इतका साधा हिशेब. गुपित फुटून साडेतीन दशकं झाली, तरी 'अरे, हे सगळं खोटं असतं' असं सांगणारा माणूस आपण फार मोठा शोध लावल्यासारखा चेहरा करतो. माझ्या वाट्याला तो चेहरा मोठ्या काकांचा आला.

काका गिरणीत होते, राहायला लालबागला. मूळचे साताऱ्याकडचे, गावच्या जत्रेत लंगोट लावलेला माणूस. मुंबईत आल्यावरही पाळी सांभाळून तालमीत जायचे. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे आणि नेमके मी टीव्हीसमोर बसलेलो असायचो. नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा आमच्या पिढीचं जे झालं तेच माझं झालं होतं. वह्यांच्या मागे अंडरटेकर नावाचा पैलवान, खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफचे (कंपनीचं तेव्हाचं नाव) पत्ते. कुणाची छाती किती आणि वजन किती यावर वर्गात मारामाऱ्या. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत होतो, हे आम्ही एकमेकांना शपथेवर सांगायचो. (जाता जाता: 1996 च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षय कुमार ज्याच्याशी भिडला तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली होता. हाच गडी 1994 च्या समरस्लॅममध्ये नकली अंडरटेकर म्हणून उतरला होता. नवऱ्याला विचारा, माहितीय का. नसेल तर त्याचं 'आमच्या वेळची' थोडं कमी होईल.)

तर एका रविवारी केबलवर ती कुस्ती लागली. 28 जून 1998 ला पिट्सबर्गमध्ये झालेली, मॅनकाइंड (खरं नाव मिक फोली) आणि अंडरटेकरची, पिंजऱ्यातली. आमच्याकडे अर्थात उशिरा दिसली. सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून अंडरटेकरने त्याला खाली फेकला, तो थेट समालोचकांच्या टेबलावर. काकांचा घास हातातच राहिला. मी ओरडलो, "बघा, आता बोला!" काकांनी घास गिळला आणि म्हणाले, "लेका, दोरी असणार. बारीक. टीव्हीत दिसत नाही."

मग स्ट्रेचर आला, त्यावरून तो माणूस उतरला, पुन्हा पिंजऱ्यावर चढला. वर चोकस्लॅम, म्हणजे गळा धरून आपटण्याचा डाव, बसला आणि टपाची जाळीच सुटली. हा भाग ठरलेला नव्हता. तो रिंगमध्ये आदळला, मागोमाग खुर्ची त्याच्या तोंडावर. तुटलेला दात नाकाशी अडकलेला स्पष्ट दिसत होता. त्यानंतर टाचण्यांवर पडणं वेगळंच. मिक फोली हरला, आणि हरणार हे त्याला घरून निघतानाच माहीत होतं. काकांचं मत बदललं नाही. "दात खोटा."

मी चौदा वर्षांचा होतो. वादात मोठ्यांपुढे किती ताणायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे गप्प बसलो. पण रिंगची जमीन कशी असते ते त्यांना सांगायचं राहून गेलं, ते इथे सांगतो. लोखंडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पातळसा थर आणि वर ताणलेलं कापड. काकांच्या तालमीतली लाल माती ताक, तेल, हळद घालून घोळवलेली असायची. पाठीवर पडायचंच असेल तर मी माती निवडेन. पडणं शिकावं लागतं, पण शिकून दुखायचं थांबत नाही. फक्त मान वाचते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पेपरात बातमी आली. 23 मे 1999, कॅन्सस सिटी. ओवेन हार्ट या पैलवानाला छतावरून दोरीने खाली सोडायचं होतं. आकडा वेळेआधीच सुटला आणि तो जवळजवळ 78 फुटांवरून रिंगच्या कोपऱ्यावर पडला. गेला. मी तो पेपर घडी घालून लालबागला घेऊन गेलो. खोटं कशाला सांगू, तुमची दोरी बघा, हे दाखवायलाच गेलो होतो. काकांनी बातमी दोनदा वाचली आणि वेगळंच विचारलं, "मग मैदान थांबवलं का?"

नाही थांबवलं. त्याला नेल्यावर कार्यक्रम पुढे चालू राहिला, शेवटची कुस्तीही झाली. हॉलमध्ये बसलेल्या लोकांना माणूस गेला हे सांगितलंसुद्धा नाही. टीव्हीवर बघणाऱ्यांना सांगितलं. काका म्हणाले, "हलकट आहेत." आणि पेपर परत दिला.

कंपनीबद्दल याहून नेमकं मत मी त्यानंतर कुणाकडून ऐकलेलं नाही. आजही तिथले पैलवान कागदावर स्वतंत्र कंत्राटदार असतात, नोकरदार नाहीत. हाडं मात्र कंपनीच्या वेळापत्रकानुसार मोडायची.

पण म्हणून वाद संपला असं समजू नका, कारण काकांचा हुकमाचा पत्ता दारासिंग होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांनी तरुणपणी दारासिंग आणि किंग काँग नावाचा धिप्पाड परदेशी पैलवान बघितलेले. तिकीट काढून, रांगेत उभं राहून. "ती खरी. तुझं हे नाटक." पंचवीस वर्षं मी हे ऐकून घेतलं. आता काका पंच्याऐंशीचे आहेत आणि इथे येऊन वाचणार नाहीत, म्हणून सांगून टाकतो: वरळीला जे चालायचं ते माझ्या नाटकाचंच थोरलं भावंड. पोस्टरवर राक्षसासारखा परदेशी, त्याच्यासमोर आपला देखणा गडी. परदेशी हरतो, दात-ओठ खातो, पुढच्या खेपेला पुन्हा पोस्टरवर हजर. खलनायक, नायक, बदला, पुन्हा तिकीट. डब्ल्यूडब्ल्यूईचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमन, त्याने यात काय नवीन केलं? दिवे जास्त लावले. काका 1968 ची मुंबईतली ती कुस्ती अजून छाती फुगवून सांगतात, ज्यात दारासिंगांनी जगज्जेत्या लू थेझला लोळवला. थेझ 1916 चा. म्हणजे त्या दिवशी 52 वर्षांचा. काका, बावन्न! दारासिंगांच्या अंगातली ताकद अस्सल होती, ते मातीतून आलेले पैलवान होते, त्यावर माझा शब्द नाही. पण फ्रीस्टाइल म्हणून जे विकलं गेलं ते जोड लावून, कथा रचून विकलं गेलं असं माझं मत आहे, आणि त्यात कमीपणा कसला तेच मला कळत नाही. किंग काँग पडला तेव्हा काकांना जो आनंद झाला तो खरा होता ना? मग माझा का नाही?

आणि आपल्या जत्रेतही नुरा, म्हणजे आधीच ठरवलेल्या, कुस्त्या होतात, हे काकांनीच सांगितलंय. फरक इतकाच की तिथे पकडलं तर शिव्या पडतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जुनी चांगली होती का? नवरा म्हणतो तितकी अजिबात नव्हती. ज्याला तो सोनेरी काळ म्हणत असणार, 1998-99 चा, त्याचे आठवड्याचे भाग आता सलग बघून दाखवावेत. तीन-चार मिनिटांच्या कुस्त्या, बाकी वेळ बडबड, गाड्या फोडणं आणि बायकांचे कपडे ओढण्याच्या 'स्पर्धा'. आई खोलीत आली की रिमोटसाठी झडप घालायचो ते विसरला का तो? 2019 च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वात मोठ्या कार्यक्रमात, शेवटची, मानाची कुस्ती बेकी लिंच, रोंडा राउझी आणि शार्लट यांची झाली. 1999 मध्ये हे कुणी बोललं असतं तर हसले असते.

कुस्तीचं कसब आता कितीतरी वर गेलंय. गोष्टीही आता लांब पल्ल्याच्या असतात. सामी झेनला रोमन रेन्सच्या टोळीने आधी जोकर म्हणून ठेवला, मग जवळ केला, आणि जानेवारी 2023 ला सॅन अँटोनिओत त्याने खुर्ची रेन्सच्याच पाठीत घातली. त्या खुर्चीसाठी कित्येक महिने थांबलो होतो. जुन्या काळात हे तीन आठवड्यांत उरकलं असतं. जॉन सीनाने 13 डिसेंबर 2025 ला शेवटची कुस्ती गुंथरपुढे हात आपटून, म्हणजे हार मानून, हरली, त्यावर अर्धं जग रडलं. मला पटलं. जाणाऱ्याने पुढच्याला मोठं करून जावं, हा नियमच आहे. 2014 ला अंडरटेकरची रेसलमेनियातल्या 21 विजयांची साखळी ब्रॉक लेस्नरने तोडली ती मात्र चूक होती. लेस्नरला तिची गरजच नव्हती.

खलीबद्दल आपण भारतीय फार हळवे आहोत. 2007 ला तो जगज्जेता झाला, पोरांनी फटाके लावले, ठीक आहे. पण चालताना त्याचे गुडघे दुखताना दिसायचे आणि डाव म्हणजे डोक्यावर एक चापट. अभिमान वेगळा, कुस्ती वेगळी.

एक सांगायचं राहिलं. मी हे सगळं प्रेमाने लिहितोय, पण जून 2007 ला क्रिस बेन्वा या पैलवानाने बायको आणि लहान मुलाला मारून स्वतःला संपवलं, त्यानंतर बरीच वर्षं मी टीव्ही लावला नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या फटक्यांनी त्याच्या मेंदूचं काय झालं होतं ते नंतर तपासणीत दिसलं. 2010 पासून डोक्यावर खुर्ची मारणं बंद झालं. 'पूर्वी कसे जोरात मारायचे' असं नवरा म्हणाला तर त्याला हे ऐकवा. आणि मुलं गादीवर एकमेकांना पाइलड्रायव्हर, म्हणजे उलटं धरून डोक्यावर आपटण्याचा डाव, घालत असतील तर आजच थांबवा.

बाकी, तुम्हाला स्वतःला कळून घ्यायचं असेल की यात काय आहे, तर त्याला रेसलमेनिया 13 मधली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनची कुस्ती लावायला सांगा. मार्च 1997, शिकागोजवळ, वीस-बावीस मिनिटं. ऑस्टिन तोंडभर रक्त घेऊन शार्पशूटर या पाय मुरडणाऱ्या पकडीत अडकतो, हार मानत नाही, शुद्ध हरपते. आत येताना लोक हार्टच्या बाजूने होते, बाहेर जाताना ऑस्टिनच्या. निकाल ठरलेला होता, पण एवढ्या लोकांचं मन एका कुस्तीत फिरवून दाखवणं हे कसब आहे. काकांनाही दाखवली होती. "तो टकल्या पैलवान वाटतो," इतकंच म्हणाले, आणि पुन्हा दारासिंगावर आले.

ती बघितल्यावरही काही वाटलं नाही तर तुमचं बरोबर, नवऱ्याला हेडफोन लावूनच बघू दे. आणि त्याने तुम्हाला पटवायला खलीची कुस्ती लावली, तर सरळ उठून जा.