वाचकांचे प्रश्न : चपळ एसयूव्ही घ्यावी की सुखद?

प्रश्न : वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझा कारखाना आहे. कामासाठी जवळजवळ दर आठवड्याला समृद्धी महामार्गाने मुंबईला जावे लागते. गाडी चालवण्याची आवड असल्यामुळे चालक न घेता मी स्वतःच चालवतो. मात्र सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि पत्नी पुष्कळदा सोबत असतात. पेट्रोलवरची पोर्शे कायेन आणि पेट्रोलवरची रेंज रोव्हर स्पोर्ट यांच्यात निर्णय होत नाही. कायेन चालवणाऱ्याची आणि रेंज रोव्हर स्पोर्ट बसणाऱ्यांची, असे सगळे म्हणतात. आपला सल्ला काय?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण पत्रात लिहिलेला प्रवास प्रमाण मानला, तर माझा कौल रेंज रोव्हर स्पोर्टला आहे, आणि त्याचे पहिले कारण गाडीत नसून रस्त्यात आहे. कायेनसारखी गाडी आपले खरे गुण वळणांवर दाखवते. पूर्वी मुंबईला जाताना कसारा घाट लागत असे आणि तिथे या गाडीचे स्टिअरिंग किती नेमके आहे हे चालवणाऱ्याला हाताने कळले असते. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून हा घाट आपल्या वाटेवर उरलेला नाही. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून आपण थेट खाली उतरता. समृद्धीचा बाकी बहुतेक रस्ता सरळ, काँक्रीटचा आणि ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेचा. या मर्यादेत दोन्ही गाड्यांची इंजिने जेमतेम अर्धी जागी असतात, त्यामुळे जास्त पैसे मोजून घेतलेली चपळाई आठवड्याच्या प्रवासात वापरायला मिळणारच नाही. काँक्रीटवर टायरची जी अखंड घरघर येते, ती केबिनमध्ये किती शिरते यावर मात्र मुंबई गाठेपर्यंत चार माणसांचा थकवा ठरतो.

आकड्यांनी या दोन गाड्यांत निवड करता येत नाही. कायेनच्या मूळ प्रकारात ३ लिटरचे व्ही-६ टर्बो इंजिन आहे, त्याची ताकद ३५३ अश्वशक्ती. रेंज रोव्हर स्पोर्टच्या पी ४०० या पेट्रोल प्रकारात ३ लिटरचेच, पण एका ओळीतल्या सहा सिलिंडरचे इंजिन असून ते ४०० अश्वशक्ती देते. रेंज रोव्हर वजनाने बरीच जड असल्यामुळे ही आघाडी वजनातच खर्च होते आणि शून्यापासून १०० पर्यंत पोचायला दोघींना साधारण सहा सेकंदच लागतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : २०२३ च्या सुधारणेनंतर कायेनला मिळालेले एअर सस्पेन्शन, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा, दोन कप्प्यांचे आहे आणि २०२२ मध्ये आलेल्या सध्याच्या रेंज रोव्हर स्पोर्टचेही तत्त्व तेच आहे. एक कप्पा झडपेने बंद केला की हवेला दबायला जागा कमी उरते आणि स्प्रिंग कडक होते. तो उघडला की गाडी मऊ होते. म्हणजे साधन सारखेच, ते कशासाठी जुळवले आहे एवढाच फरक. पोर्शेच्या अभियंत्यांनी चालकाला रस्त्याची खबर पोचवायची ठरवली, तर रेंज रोव्हर बनवणाऱ्या लँड रोव्हरच्या अभियंत्यांनी ती खबर शक्य तेवढी चाकापाशीच थांबवायची ठरवली. कायेनच्या मूळ प्रकारात मात्र एअर सस्पेन्शन वेगळे पैसे भरून मागवावे लागते, त्यामुळे किमतींची तुलना करताना ही रक्कम कायेनच्या बाजूला धरायला विसरू नका.

आई-वडिलांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो डोके हलण्याचा त्रास, आणि कोणत्याही माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नसतो. उंच गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना एका दांडीने जोडलेले असते, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात. ही दांडी जितकी ताठ, तितकी गाडी वळणावर सरळ राहते. पण एकच चाक खड्ड्यात गेले की तो हिसका पलीकडच्या चाकापर्यंत जातो आणि मागे बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे झटकली जातात. ज्यांची मान किंवा कंबर आधीच दुखते, त्यांना उभ्या धक्क्यापेक्षा हा आडवा झटका अधिक जाचतो. दोन्ही कंपन्या यावर ४८ व्होल्टवर चालणारी सक्रिय दांडी देतात. सरळ रस्त्यावर ती सैल राहते आणि वळणावर ताठ होते. आपण निवडलेल्या प्रकारात ती मिळते का, हे शोरूममध्ये लेखी विचारून घ्या. घाटात मात्र उलटे घडते, हेही सांगायला हवे : तिथे कमी कलणाऱ्या गाडीत मागच्यांना मळमळ कमी होते. वर्षातून काही वेळा कोकणात उतरणार असाल, तर तेवढ्यापुरती कायेन त्यांनाही सुखाची वाटेल.

आता चाकांविषयी, कारण सुखद गाडी घेऊन तिचे सुख चाकांपायी घालवलेले मी फार वेळा पाहिले आहे. टायरवर २८५/४५ आर २२ असे लिहिलेले असेल, तर रुंदी २८५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १२८ मिलिमीटर; आर २२ म्हणजे रिमचा व्यास २२ इंच. तेच २८५/४० आर २३ घेतले की ही भिंत ११४ मिलिमीटरवर येते. धक्का पहिल्यांदा झेलते ती हीच रबराची भिंत, आणि खड्ड्याच्या कडेला रिम आपटून वाकण्यापासून वाचवतेही तीच. शोरूममध्ये २३ इंची चाके देखणी दिसतात. आपण २१ इंची मागा, ती मिळाली नाहीत तर २२ च्या वर जाऊ नका. कायेनमध्ये पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असल्याने ते आपसांत बदलून झीज सारखी करता येत नाही, हा खर्चही हिशेबात धरा. सुटे चाक मिळते की केवळ पंक्चर भरण्याचा संच, याची खात्री दोन्हीकडे करा. समृद्धीवर रात्री अडकून पडण्याची पाळी आई-वडिलांवर येऊ नये.

टेस्ट ड्राइव्हला त्यांना जरूर न्या आणि निम्मा वेळ आपण स्वतः मागे बसा. गुळगुळीत रस्त्यावर दोन्ही गाड्या गोडच वाटतील, म्हणून वाळूजच्या कारखान्याबाहेरचा पेव्हर ब्लॉकचा तुकडा आणि एखादा बेढब गतिरोधक ताशी २०-२५ च्या वेगाने ओलांडा. चढता-उतरताना वडिलांच्या गुडघ्यांना काय वाटते तेही पाहा. रेंज रोव्हर स्पोर्ट थांबल्यावर खाली बसू शकते, पण ही सोय त्यांच्या उंचीला पुरते का हे त्यांनी प्रत्यक्ष बसूनच कळेल.

रेंज रोव्हर स्पोर्टची २०२४ पासून पुण्यात जुळणी होते, तर कायेन संपूर्ण बांधून आयात होते. तरीही आपल्या घरापासून अधिकृत कार्यशाळा किती दूर आहे हे सही करण्यापूर्वी पाहावे. आणि प्रवासाचा मोठा भाग आपण एकट्याने करता, आई-वडील केवळ सणावारी सोबत असतात असे खरोखर असेल, तर एअर सस्पेन्शन आणि २० इंची चाके घेतलेली कायेन निःशंक घ्या. गाडी चालवण्याची आवड ही दडपून टाकण्याची गोष्ट नव्हे.

प्रश्न : चपळ एसयूव्ही साध्या स्प्रिंगवर घेऊन पुढे एअर सस्पेन्शन बसवून घेता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तसे करू नये. एअर सस्पेन्शनमध्ये हवेच्या स्प्रिंगांबरोबर कॉम्प्रेसर, हवेची टाकी, उंची मोजणारे सेन्सर आणि नियंत्रणाची संगणकप्रणाली असते व ती ब्रेक आणि स्टिअरिंगच्या यंत्रणेशी जोडलेली असते. बाहेर बसवून घेतल्यास कंपनी हमी नाकारू शकते. पैसे आज कमी पडत असतील, तर रंग, लेदर आणि मोठी चाके यांवरचा खर्च कमी करा आणि एअर सस्पेन्शन गाडी मागवतानाच घ्या.